तसबिरींतील हरताळ

डहाणूकडील जुन्या घरांतून पोथ्यांबरोबर पूर्वजांच्या तसबिरीहि संशोधकाच्या हातीं येतात. पोथींतील हरताळ आपण तत्काळ ओळखतों. तसबिरींतील मात्र सहसा ओळखत नाहीं.

मुंबईंत छायाचित्रकारांची संस्था इ. स. १८५४ मध्यें निघाली, डॉ. भाऊ दाजींचे बंधु नारायण दाजी तींत होते. तत्कालीन कलोडियनची काच तांबड्या-पिवळ्या प्रकाशास जवळजवळ आंधळी. त्यामुळें सांवळ्या चेहऱ्यावर, पागोट्याच्या सांवलींत, डोळ्यांभोंवतीं काळोख सांचे. निगेटिव्ह काचेवर हा काळोख पारदर्शक असतो. तेथें शिसपेन्सिलीनें सूक्ष्म रेघा भरल्या कीं कागदावर तो उजळतो. म्यूनिकच्या हान्फ्श्टेंगलनें ही युक्ति १८५५ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत दाखविली. पुढें ती सर्वत्र रूढ झाली.

सबब, तसबिरींतील नितळ डोळ्यांवरून पूर्वजाचें वय किंवा प्रकृति ठरवूं नये. काच उपलब्ध असल्यास ती तिरप्या उजेडांत धरून पाहावी, रेघा चकाकतात. त्या मळ समजून पुसूं नयेत. कागद हा केवळ शोधित पाठ होय. मूळ पाठ आणि शोधन करणाराचा हात, दोन्ही काचेवरच आहेत.