महाभारताची चिकित्सित आवृत्ति आणि औंधचे चित्रकार

देवरूख येथील लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालय पाहून परततांना एका पोथीसंग्राहक स्नेह्यांनीं आम्हांस सहज म्हटलें कीं, चित्रें हा रसिकतेचा विषय आहे, संशोधनाचा नव्हे. त्यांच्या समाधानार्थ हें टिपण लिहीत आहों.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें काढलेलें आदिपर्व (१९३३) ज्यांनीं हाताळलें असेल त्यांस ठाऊक आहे कीं, शीर्षकपृष्ठावर संपादक डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांच्याबरोबर औंधाधिपति श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि, बी. ए., यांचेंहि नांव आहे; आणि तें देणगीदार म्हणून नव्हे, प्राचीन नमुन्यांवरून चित्रें काढणारे म्हणून. या कार्यास त्यांनीं १९१८ सालीं एक लक्ष रुपयांचें वचन दिलें हें सर्वश्रुतच आहे. आमच्या मतें त्या लक्षाहून 'प्राचीन नमुन्यांवरून' एवढेच शब्द अधिक मोलाचे.

बाळासाहेब (१८६८–१९५१) स्वतः चित्रकार होते. त्यांचें चित्ररामायण १९१६ सालीं निघालें. पुढें वेरूळ (१९२९) व अजिंठा (१९३२) यांवर त्यांनीं लेण्यांत हातीं धरून फिरण्याजोगीं पुस्तकें लिहिलीं, आणि १९३८ सालीं औंधास यमाईच्या डोंगरावर संग्रहालय बांधलें. रविवर्म्याच्या चित्रांबरोबर हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचें माता-बालक शिल्पहि तेथें आहे, हें पुष्कळांस ऐकूनहि खरें वाटत नाहीं.

रविवर्म्याच्या पौराणिक नायिका लुगड्यांत पाहण्यास आपण सरावलों. प्राचीन नमुना शोधणारास तेवढ्यानें भागत नाहीं; द्रौपदीचें वस्त्र, भीष्माचा मुकुट, रथाचें चाक, प्रत्येकास आधार दाखवावा लागतो. आधार तरी कोठला? सांचीचीं तोरणें इ. स. पूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचीं. अजिंठ्याचीं बहुतेक चित्रें इसवी पांचव्या शतकांतलीं. भारतीय युद्ध कोणत्याहि मतें त्याहून जुनें. म्हणजे चित्रकार मूळ प्रसंगापर्यंत पोंचूं शकत नाहीं. परंतु सुखटणकरांची अडचणहि हीच नव्हती काय? शारदेपासून मलयाळम् लिपीपर्यंतच्या त्यांच्या पोथ्या फार अलीकडच्या. व्यासांचे मूळ शब्द देण्याचा त्यांचा दावाच नव्हता, पोथ्यांच्या आधारें गांठतां येईल तेवढा जुना पाठ देण्याचा होता.

एके ठिकाणीं मात्र वाटा फुटतात. गणपतीनें भारत लिहून घेतल्याची कथा चित्रकारांस फार प्रिय. आदिपर्वाच्या संहितेंतून ती निघून परिशिष्टांत गेली. चित्राचा एखादा भाग शंकास्पद ठरला तर तो असा परिशिष्टांत नेतां येत नाहीं.

आम्ही शिक्षक असतांना एका ग्रंथालयांत हें पर्व मागविलें, तों चित्रांचीं पानें कोणी कापून नेलेलीं. ग्रंथपाल म्हणाले, "श्लोक तर सगळे आहेत ना, गुरुजी?"

आमच्या उपरिनिर्दिष्ट स्नेह्यांच्या संग्रहांत एक सचित्र पोथी आहे. तिच्या नोंदींत पत्रसंख्या आहे, लेखनकाल आहे. चित्रें किती व कोणत्या श्लोकाशेजारीं, याचा उल्लेख नाहीं. पुढील महिन्यांत त्यांच्याबरोबर बसून तेवढी नोंद आम्ही पुरी करणार आहों.