साठी, नाठी आणि भ्रंश

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण कानात घट्ट बसते, कारण तिच्यातले यमकाचे दोन्ही शब्द संस्कृत, प्राकृत, मराठी अशा एकाच वाटेने आले. षष्टि, सट्ठि, साठी. नष्ट, नट्ठ, नाठी. मुळातल्या ‘नश्’चा अर्थ धातुपाठात ‘अदर्शन’ दिला आहे, म्हणजे दिसेनासं होणं. आपण मात्र नष्ट म्हणजे कायमचं संपलेलं, एवढंच धरून बसलो. ‘म्हातारचळ’मध्येही आजाराला जागा नाही, सगळा दोष वयाचा.

म्हणून मला डिमेन्शियासाठीचा ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द जवळचा वाटतो. भ्रंश म्हणजे घसरणं, जागेवरून ढळणं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आधी स्मृतिभ्रंश आणि त्यातून बुद्धिनाश, असा क्रम आहे. तिथे कारण क्रोध आहे, आजार नव्हे. पण क्रम मोलाचा आहे. अल्झायमरमध्ये मेंदूच्या पेशी मरतात हे खरं, तरी भ्रंशापासून नाशापर्यंत वर्षं जातात. उपचाराला वाव आहे तो याच वर्षांत.

अमेरिकेत 1996 साली मान्यता मिळालेलं डोनेपेझिल हे औषध मेंदूतलं ॲसिटिलकोलीन हे निरोप पोचवणारं रसायन लवकर मोडू देत नाही. 2023 मध्ये तिथेच मान्य झालेलं लेकानेमॅब मेंदूत साचलेले अमायलॉइड प्रथिनाचे थर हटवतं, पण ते सुरुवातीच्या टप्प्यातच द्यायचं आणि मेंदूत सूज, रक्तस्राव होतो का यावर लक्ष ठेवायचं. घसरण मंदावते, गेलेलं परत येत नाही.

दुसरी वाट गप्पांची. ब्रिटनमध्ये 2003 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांच्या छोट्या गटांच्या 14 बैठका झाल्या आणि बुद्धीच्या चाचण्यांत फरक दिसला. वसई-विरार पट्ट्यातल्या राजोडीला सिल्व्हर इनिंग्ज या संस्थेचं ‘स्नेहांजली’ हे डिमेन्शिया झालेल्या ज्येष्ठांचं निवासस्थान आहे, म्हणजे हा विषय आमच्या भागाला परका नाही. पण इथल्या बैठकीत इंग्रजीतून उतरवलेली प्रश्नावली काय कामाची? आजीच्या हातात पिकलं राजेळी केळं द्यावं, सालीचा वास घेऊ द्यावा, आणि सुकेळी किती उन्हं खातात ते विचारावं. वाडवळीत, कादोडीत, जी तिची बोली असेल तीत.

घरातलं कुणी तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारू लागलं, तर म्हण सांगून मोकळे होऊ नका. बी-12ची कमतरता किंवा थायरॉइडचा बिघाड यांनीही विसर पडतो आणि त्यांवर औषध आहे. आधी डॉक्टरकडे न्या.