तीन रघूजी

रघूजी भोसले यांनी बंगालवर स्वाऱ्या करून ओडिशा मिळविला आणि रघूजी भोसले यांनी देवगावच्या तहात ओडिशा गमावला. ही दोन्ही विधाने खरी आहेत. मात्र ती लागोपाठ वाचणारा विद्यार्थी गोंधळून गेला, तर दोष त्याचा नाही. नागपूरच्या गादीवर या नावाचे तीन राजे झाले. आज जेथे रुआबांधा वसले आहे तो छत्तीसगडचा मुलूखही या तिघांच्या काळात नागपूरशी बांधलेला होता.

एकाच घराण्यात नावे पुन्हा पुन्हा का येतात, याचे उत्तर महाराष्ट्रातील कोणत्याही आजीला ठाऊक असते. आजोबांचे नाव नातवाला ठेवावयाचे, ही आपली जुनी रीत. पहिल्या रघूजींच्या वडिलांचे नाव बिंबाजी. तेच नाव रघूजींनी आपल्या एका मुलाला ठेवले आणि हा मुलगा पुढे रतनपूरला येऊन राहिला. प्राचीन ग्रीसमध्येही हीच चाल होती. अथेन्समध्ये एक थुसिडिडीस इतिहासकार, तर दुसरा पेरिक्लीसचा राजकीय विरोधक. पहिला ओलोरसचा पुत्र, दुसरा मेलेसियसचा. पित्याचे नाव जोडल्यावाचून ओळख पटत नसे. आपल्याकडेही मधले नाव तेच काम करते. 'पहिले', 'दुसरे' हे क्रमांक इतिहासकारांनी मागाहून लावले.

पहिले रघूजी सेनासाहेबसुभा म्हणून ख्यातकीर्त झाले. त्यांचे सेनापती भास्कर राम कोल्हटकर यांनी १७४१ मध्ये बंगालच्या वाटेवर रतनपूरच्या हैहयवंशी राजाला नमविले. १७५१ च्या तहाने अलिवर्दीखानाकडून बारा लाखांची चौथाई आणि ओडिशावरील ताबा मिळाला. आपल्याला हा पराक्रम वाटतो. बंगालमधील आया मात्र मुले निजविताना 'बर्गी' आल्याचे भय घालीत, हेही त्याच इतिहासाचे दुसरे पान आहे. १७५५ मध्ये रघूजी निवर्तले.

छत्तीसगड वाट्याला आला तो बिंबाजींच्या. १७५८ पासून १७८७ पर्यंत ते रतनपुरात होते. तेथील रामटेकरीवरचे राममंदिर त्यांचेच. नागपूरजवळच्या रामटेकची आठवण त्या नावात आहे, हे सांगावयास नकोच. मराठी भाषा आणि मोडी लिपी या मुलखाच्या दफ्तरात आली तीही त्यांच्याच कारकिर्दीत. भिलाईतील मराठी माणसे पोलाद कारखान्याबरोबर आली, असे सर्रास म्हटले जाते. पोटासाठी आलेल्या बहुतेक कुटुंबांबाबत ते खरेही आहे. भाषा मात्र त्याआधी दोनशे वर्षे येथे पोहोचली होती.

दुसरे रघूजी हे पहिल्यांचे नातू, मुधोजींचे पुत्र. निपुत्रिक काका जानोजी यांनी त्यांना दत्तक घेतले होते. १८०३ मध्ये शिंद्यांच्या जोडीने ते इंग्रजांशी लढले. असई, अडगाव आणि गाविलगड येथील पराभवांनंतर १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला आणि आजोबांनी मिळविलेला कटक प्रांत नातवाच्या हातून गेला. वऱ्हाडचा पश्चिम भागही गेला. १८१६ मध्ये त्यांचे निधन झाले.

तिसऱ्यांची कथा सर्वांत करुण. सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांनी आप्पासाहेबांना पदच्युत केले आणि १८१८ मध्ये दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा अल्पवयीन मुलगा गादीवर बसविला. तो जन्माने गुजर घराण्यातला, बाजीबा या नावाचा. दत्तकविधान झाले आणि तो रघूजी झाला. आजोबांचे नाव पुन्हा नातवाकडे आले. या वेळी मात्र ते त्याच्याबरोबर जन्मापासून वाढले नव्हते, गादीबरोबर अंगावर चढले होते. त्याच्या बालपणी छत्तीसगडचा कारभार इंग्रज अधिकारी पाहत. त्यांनी मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलविले. १८३० मध्ये मुलूख भोसल्यांकडे परतला खरा. पण ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी पुत्राविना वारले आणि पुढल्याच वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले. दत्तकाने मिळालेले राज्य दत्तक नाकारल्यामुळे गेले.

२०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने एक तलवार परत आणली. ती पहिल्या रघूजींची मानली जाते. तिच्यावर देवनागरीत मालकाचे नाव आहे आणि सेनासाहेबसुभा हा किताबही आहे. पहिले, दुसरे की तिसरे, हे मात्र कोरलेले नाही.