पर्यावरणविज्ञान : विद्यापीठीय अभ्यास (भारत)

भारतीय विद्यापीठांत हा विषय दोन प्रकारे शिकवतात : विज्ञानशाखेची स्वतंत्र पदवी व पदव्युत्तर पदवी, आणि सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांना सक्तीचा ‘पर्यावरण अभ्यास’. या सक्तीचे मूळ वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवरील सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशात आहे. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याचे शल्यचिकित्सक एरच भरूचा यांनी लिहिले. अभ्यासक्रमात क्षेत्रभेट असली, तरी अनेक ठिकाणी ती प्रकल्पवहीपुरतीच उरते.

पदव्युत्तर पातळीवर खरा कस प्रयोगशाळेत लागतो. उदाहरणार्थ, विरघळलेला ऑक्सिजन मोजण्यासाठी नदीच्या पाण्याचा नमुना बुडबुडा राहू न देता बाटलीत भरतात. मँगनीज सल्फेट व अल्कधर्मी आयोडाइड घातल्यावर पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर पांढरा. मग आम्ल घालून थायोसल्फेटने अनुमापन करतात. त्यात दर्शक म्हणून घातलेल्या पिष्टाचा निळा रंग गेला की थांबायचे. जोडीची बाटली अंधारात २० अंश सेल्सिअसला पाच दिवस ठेवून हीच कृती करतात. नमुना विरल केला असल्यास त्याचा हिशेब धरून, दोन वाचनांतील फरकावरून जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी काढतात.