सांगाडा नसलेली मोटरसायकल

मोटरसायकलीला सांगाडा कशासाठी लागतो? चाके, इंजिन आणि स्वार यांना जोडून भार पेलण्यासाठी, असे आपण म्हणू. पण इंजिन मुळातच भक्कम असते. मग हा भार त्यानेच का पेलू नये? न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चच्या जॉन ब्रिटन (१९५०–१९९५) यांनी नेमके तेच केले. मित्रांच्या मदतीने, छोट्या कार्यशाळेत त्यांनी ‘व्ही-१०००’ ही शर्यतीची गाडी घडवली. पुढचे-मागचे भाग थेट इंजिनाला जोडले. बरेच भाग कार्बन-तंतूंचे केले. रेडिएटर आसनाखाली नेला, त्यामुळे गाडी समोरून अरुंद झाली आणि हवेचा विरोध घटला. ९९९ घन सेंमी. इंजिन असूनही वजन भरले फक्त १३८ किलो!

१९९२ साली अमेरिकेतील डेटोनाच्या शर्यतीत विजय जवळ आला असताना विजेच्या यंत्रणेतील बिघाडाने ती बंद पडली. १९९४ साली तिथेच ती जिंकली. अशा एकूण दहाच गाड्या बनल्या. बहुतेक विकल्या गेल्या त्या शर्यतीच्या शौकिनांना आणि संग्राहकांना.

ब्रिटन यांना डिस्लेक्सिया होता; शाळेत वाचन-लेखन जड जाई. वाचताना अडखळणाऱ्या मुलाचे हात काय घडवतात, हे आपण वर्गात पाहतो का?