डिस्को फोडला, ठेका उरला

डिस्को म्हटलं की आपल्याला काय आठवतं? चमचमता गोळा, मिथुनदांचे झगमगीत कपडे आणि थोडं हसू. आज ते हसू जरा बाजूला ठेवू या.

१२ जुलै १९७९, शिकागो. कॉमिस्की पार्क या बेसबॉल स्टेडियमवर एक स्कीम होती: डिस्कोची एक रेकॉर्ड आणा आणि ९८ सेंटात तिकीट घ्या. दोन मॅचच्या मधे स्टीव्ह डाल या रेडिओ जॉकीने त्या रेकॉर्ड्सचा ढीग मैदानातच स्फोट करून उडवला. हजारो लोक आत घुसले. दुसरी मॅच झालीच नाही.

तिथे व्हिन्स लॉरेन्स नावाचा एक कृष्णवर्णीय पोरगा प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करत होता. पुढे त्याने सांगितलं, की आणलेल्या कितीतरी रेकॉर्ड्स डिस्कोच्या नव्हत्याच, नुसत्या कृष्णवर्णीय कलाकारांच्या होत्या. मग राग नेमका कशावर होता?

डिस्को वाढला कुठे, ते बघा. १९७० मध्ये न्यूयॉर्कला डेव्हिड मँकुसोने आपल्या राहत्या जागेत, 'द लॉफ्ट'मध्ये, पार्ट्या सुरू केल्या. कृष्णवर्णीय, लॅटिनो, समलिंगी, सगळे तिथे एकत्र नाचायचे. बाहेर मात्र दोन पुरुष सोबत नाचले तरी पोलिसांची धास्ती.

आणि संगीत? तेही काही साधंसुधं नव्हतं. फिलाडेल्फियाच्या अर्ल यंगने चारही मात्रांवर बेस ड्रमचा ठोका पक्का केला. टॉम मोल्टनने नाचणाऱ्यांसाठी गाणी लांबवली, त्यातून १२ इंची सिंगल आली. १९७७ मध्ये डोना समरचं 'आय फील लव्ह' जवळजवळ पूर्ण सिंथेसायझरवर उभं राहिलं. आजच्या इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकची मुळं इथे सापडतात.

आता खरी गंमत ऐका. ज्या शिकागोत डिस्कोच्या रेकॉर्ड्स फोडल्या, त्याच शहरातल्या 'वेअरहाउस' क्लबमध्ये डीजे फ्रँकी नकल्स डिस्को वाजवतच राहिला. त्या क्लबच्या नावावरूनच 'हाउस' हा शब्द आला, असं मानतात. १९८४ मध्ये जेसी सॉन्डर्सची 'ऑन अँड ऑन' आली. हाउसच्या अगदी पहिल्या रेकॉर्ड्समध्ये ती गणली जाते. आणि ती बनवण्यात त्याचा जोडीदार कोण होता, माहितीये?

स्टेडियमवर जागा दाखवणारा तोच पोरगा, व्हिन्स लॉरेन्स.