होडी कुणी शिवली?

अमेरिका-कॅनडातला 'फर ट्रेड' म्हटला की जुन्या चित्रांत साधारण एकच दृश्य असतं... लांबलचक होडी, वल्ही मारणारे फ्रेंच नावाडी, मागे धबधबा. फ्रान्सिस अ‍ॅन हॉपकिन्सचं १८६९ सालचं चित्र असंच आहे. सुंदर आहे, प्रश्नच नाही! पण ती होडी बनवली कोणी?

मिनेसोटातले ओजिब्वे चित्रकार कार्ल गॉबॉय यांनी याच लोकांची, त्यांच्या रोजच्या कामांची चित्रं वर्षानुवर्षं जलरंगात काढली. २०२४ मध्ये त्यांचं 'फर ट्रेड नेशन' आलं, म्हणजे चित्रांतून सांगितलेला इतिहास. नाव नीट वाचा. फरचा धंदा एखाद्या कंपनीचा नव्हे, एका अख्ख्या राष्ट्राचा!

ते पटतंही. होडी भूर्जाच्या सालीची (आपलं भूर्जपत्र याच घराण्यातलं). स्प्रूसच्या मुळांनी शिवायची, सांधे डिंकाने बुजवायचे, लोखंडी खिळा एकही नाही. मोठी होडी अकरा मीटर लांब आणि माल काही टन. शिवणकाम बहुतेक बायकांचं. नावाड्यांच्या पोटात जाणारं मानोमिन, म्हणजे तळ्यातलं रानटी धान्य, तेही ओजिब्वेंनीच झोडपून, भाजून, पाखडून दिलेलं. गंमत म्हणजे बीव्हरची वापरलेली कातडी नव्यापेक्षा महाग जायची. अंगावर वर्षभर घालून वरचे राठ केस झडले, की आतली लोकर युरोपातल्या टोप्यांसाठी एकदम तयार. म्हणजे प्रोसेसिंगसुद्धा इथेच, अंगावर!

"काचेचे मणी दाखवून भोळ्या लोकांना लुटलं" ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. मला ती अर्धवट वाटते. हे गिऱ्हाईक चांगलं चोखंदळ होतं. किटली पातळ निघाली, बंदूक फुटली तर तोंडावर सुनवायचे, आणि दुसरी कंपनी जवळ असेल तर तिकडे जायचे.

लूट झाली ती वहीतून. शरद ऋतूत माल उधार, वसंतात फर देऊन फेड. बाकी राहिली की पुढच्या वर्षी खात्यावर. १८३७ च्या तहात ओजिब्वेंनी मिनेसोटा-विस्कॉन्सिनमधली प्रचंड जमीन अमेरिकी सरकारला दिली. त्या मोबदल्यातले ७०,००० डॉलर थेट उधारीच्या दाव्यांत गेले. पैकी २८,००० एकट्या विल्यम एटकिन या व्यापाऱ्याला, २५,००० लायमन वॉरनला. आणि हे ओजिब्वेंच्याच विनंतीवरून, असंही तहात लिहिलंय! आमच्याकडच्या सावकारांच्या वह्यांत हीच भाषा असायची.

वहीत कातड्यांचा हिशोब सापडतो, होडी शिवणारीचं नाव सहसा नाही. गॉबॉयांसारख्याला ब्रश उचलावा लागतो तो इथे.

त्याच तहात अजून एक कलम होतं : दिलेल्या जमिनीवर शिकार, मासेमारी आणि मानोमिन गोळा करण्याची मुभा. त्यासाठी पुढे कोर्टात भांडावं लागलं. १९९९ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते कलम अजून जिवंत असल्याचं मान्य केलं. मानोमिन आजही होडीतूनच काढतात. एक जण होडी ढकलतो, दुसरा दोन काठ्यांनी कणसं झोडपतो.